महिना साडेअकरा पौंड

4 जून 1913 रोजी बडोद्यात बावीस वर्षांच्या एका पदवीधराने करारावर सही केली. बडोदे संस्थान त्याला तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड देणार होतं. त्याने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ठरलेले विषय शिकायचे होते आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची होती. वडील जाऊन चार महिने झाले होते. घरात बायको होती, पाठीशी मालमत्ता नव्हती. जुलैत भीमराव रामजी आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले.

त्यांचा जन्म महूच्या छावणीतला, म्हणजे आजच्या इंदूर जिल्ह्यातला. महू आणि देपालपुर या एकाच जिल्ह्याच्या दोन तहसिली. बाबासाहेबांचं महूतलं वास्तव्य फार थोडं होतं. ते लहान असतानाच वडील निवृत्त झाले आणि कुटुंब कोकणात, मग साताऱ्याला गेलं. तरीही इंदूरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या देपालपुरात, बेटम्यात किंवा गौतमबाई होळकरांनी वसवलेल्या गौतमपुऱ्यात कुणी मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला जायचं म्हणते, तेव्हा मला पहिल्यांदा आठवतो तो हा करार. परदेशी शिक्षणाच्या आखणीतलं जवळजवळ सगळं त्या एका कागदात आहे. पैसे कोण देणार, महिन्याला किती, किती महिने, आणि त्या बदल्यात काय द्यावं लागणार?

आपल्याकडे विचार सुरू होतो तो देशाच्या नावापासून. कुणाचा तरी मामेभाऊ कॅनडात असतो, कुणाची मैत्रीण जर्मनीत. मग देश ठरतो, देशावरून कोर्स ठरतो, आणि पैशाची गोष्ट निघते ती प्रवेशाचं पत्र हातात पडल्यावर. माझं म्हणणं, हा क्रम उलटा करा. वर्षाला किती रुपये आणि किती वर्षं, हे घरच्या माणसांनी एकत्र बसून आधी कागदावर लिहावं. त्या आकड्यात कोणते देश बसतात हे नंतर पाहावं. स्वप्न लहान करा असं मी म्हणत नाही. मध्येच पैसे संपले तर काय होतं, हे त्याच करारावर गेलेल्या विद्यार्थ्याच्या आयुष्यात स्पष्ट दिसतं.

कोलंबियात बाबासाहेबांनी तीन वर्षं अक्षरशः पिळून काढली. 29 अभ्यासक्रम एकट्या अर्थशास्त्राचे, 11 इतिहासाचे, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. 1915 मध्ये एम.ए. झाले. 1916 च्या मे महिन्यात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला आणि त्यानंतर प्रबंध सादर केला. मग लंडन. तिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव नोंदवलं. शिष्यवृत्ती वर्षभर वाढवून मिळाली होती, ती 1917 मध्ये संपली. काम अर्धवट टाकून परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. वेगळ्या बोटीने पाठवलेलं सामान बोटीबरोबर समुद्रात बुडालं, आणि त्यात जमवलेली पुस्तकंही गेली.

मात्र लंडन सोडण्यापूर्वी त्यांनी एक काम करून ठेवलं होतं. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीवर त्यांनी विद्यापीठाकडून परवानगी मिळवली, की ऑक्टोबर 1917 पासून चार वर्षांच्या आत परत येऊन राहिलेला अभ्यास पुरा करता येईल. नंतरची वर्षं वाईट गेली. बडोद्याच्या नोकरीत राहायला घर मिळेना, माणुसकीची वागणूक मिळेना. मुंबईला परतावं लागलं. 1918 च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पगारातून पै पै साठवू लागले. थोडी मदत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी केली, पाच हजार रुपये मित्र नवल भथेना यांनी उसने दिले. 1920 मध्ये, मुदतीला एक वर्ष बाकी असताना, ते लंडनला परत पोचले. तो परवानगीचा कागद नसता तर मुंबईत साठवलेल्या पैशांचा काय उपयोग होता!

आजच्या भाषेत याला डिफरल म्हणतात. प्रवेश मिळाला आणि कर्ज अडकलं, आई आजारी पडली, व्हिसाची तारीख मिळाली नाही, तर बरीच विद्यापीठं जागा पुढच्या सत्रासाठी किंवा वर्षासाठी राखून ठेवतात. अट एकच, मुदत संपण्याआधी लेखी मागायचं. आपली मुलं इथेच मागे पडतात. ‘आता नाही जमणार’ असं घरात ठरतं आणि विद्यापीठाला कुणी कळवतच नाही. एका ई-मेलचं काम असतं.

आता देपालपुराकडे येऊ. इथला पैसा शेतीचा आहे आणि शेतीचा पैसा महिन्याला येत नाही. सोयाबीन ऑक्टोबरात मंडीत जातं, दिवाळीच्या आसपास हातात रक्कम येते. मग आलू, लसूण, गहू. गव्हाचा पैसा एप्रिल-मेमध्ये. परदेशी विद्यापीठांचं वर्षही स्वतःच्या हंगामाने चालतं, आणि ही दोन वर्षं एकमेकांवर ठेवून पाहिली तर आश्चर्य वाटेल इतकी जुळतात.

समजा 2028 च्या सप्टेंबरात निघायचं आहे. मागून मोजत या. व्हिसा जून-जुलैत. त्याआधी कर्ज मंजूर झालेलं हवं, म्हणजे बँकेत फाइल मेमध्ये गेलेली हवी. जागा पक्की करण्याची अनामत बहुधा मार्च ते मे या काळात मागतात, तेव्हा आलू आणि गव्हाचा पैसा येत असतो. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची अर्जाची शेवटची तारीख डिसेंबर-जानेवारीत असते. एकेका अर्जाची फी, परीक्षेचे गुण पाठवण्याची फी, हा सगळा खर्च ऑक्टोबर ते जानेवारीत पडतो, म्हणजे सोयाबीनच्या पैशावर. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे. तिचे गुण दोन वर्षं चालतात, म्हणून ती 2027 च्या पावसाळ्यात देऊन मोकळं व्हावं. कमी पडले तर दिवाळीपूर्वी पुन्हा देता येते. आणि पासपोर्ट? तो 2027 च्या सुरुवातीलाच. दीड वर्ष आधी कशाला, असं वाटेल. पण पासपोर्टमध्ये नावाची गोष्ट येते, आणि मराठी घरात ती साधी नसते.

दहावीची मार्कशीट समोर ठेवा. मध्य प्रदेश बोर्डाच्या मार्कशीटवर विद्यार्थ्याचं नाव एका ओळीत, वडिलांचं दुसऱ्या, आईचं तिसऱ्या ओळीत. महाराष्ट्रातल्यासारखं स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं सलग छापलेलं नसतं. आधारवर मात्र कुणीतरी मराठी रीतीने मधलं नाव घातलेलं असतं. कॉलेजच्या मार्कशीटवर आडनावाच्या शेवटी इंग्रजीत ‘ई’ असतो, आधारवर ‘ई’ नंतर ‘वाय’. वडिलांच्या नावापुढे एका कागदावर ‘राव’ आहे, दुसऱ्यावर नाही. शाळेत मास्तरांनी आडनावच लिहिलं नसेल, तर मार्कशीटवर नुसतं एकेरी नाव असतं आणि पासपोर्टच्या अर्जातला आडनावाचा रकाना रिकामा राहतो. अशा पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा काढला की पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापून येतं, म्हणजे ‘पहिलं नाव माहीत नाही’, आणि खरं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसतं. मग तीच तीन अक्षरं तिकिटावर, बँक खात्यावर, विद्यापीठाच्या ओळखपत्रावर. नाव आधी दहावीच्या मार्कशीटशी जुळवा, मग आधार दुरुस्त करा, मग पासपोर्ट काढा. पोलिस पडताळणीला देपालपुर ठाण्याचा माणूस घरी येईल तेव्हा सगळे कागद एक बोलले पाहिजेत.

पदवीचे कागद इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयातून. तिथून नुसती डिग्री आणून भागत नाही. ट्रान्सक्रिप्ट लागते, म्हणजे सगळ्या सत्रांचे विषय आणि गुण एकत्र असलेला, विद्यापीठाने सही-शिक्का मारून दिलेला उतारा. काही विद्यापीठांना तो बंद लिफाफ्यातच हवा असतो, लिफाफ्याच्या तोंडावर शिक्का मारलेला. उत्साहाने घरी तो फोडून पाहिला की तो बाद. दोन-तीन प्रती जास्त काढून ठेवाव्यात.

बी.एससी., बी.कॉम. करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दुसऱ्या वर्षातच पाहावी. आपली जुनी पदवी तीन वर्षांची, आणि अमेरिकेतली अनेक विद्यापीठं पदव्युत्तर प्रवेशासाठी सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. ब्रिटनमध्ये तीन वर्षांची पदवी सहसा चालते. मध्य प्रदेशात 2021 पासून नव्या शिक्षण धोरणानुसार चौथ्या वर्षाचा पर्याय आहे. तो घ्यायचा की नाही, हा निर्णय तिसऱ्या वर्षाच्या निकालानंतर घाईघाईत होतो. खरं तर तो कुठल्या देशात जायचं यावर ठरायला हवा.

जर्मनीचं नाव आजकाल गावोगाव ऐकू येतं, आणि त्याला कारण आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी नाही. फक्त सत्राची किरकोळ वर्गणी असते. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग हे राज्य 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला 1500 युरो घेतं. पण फी नाही याचा अर्थ पैसे नाहीत असा होत नाही. व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्या-खाण्याचे 11,904 युरो आधीच एका बंद खात्यात ठेवावे लागतात, आणि तिथे पोचल्यावर त्यातून दरमहा फक्त 992 युरो काढता येतात. आजच्या दराने महिन्याला जवळपास लाखभर रुपये. बडोद्याचे साडेअकरा पौंड आणि हे 992 युरो यांत मला सख्खं नातं दिसतं. विद्यार्थ्याला शिकायला लागते ती दरमहा न चुकता येणारी रक्कम, हे बडोद्याच्या दप्तराला ठाऊक होतं तसंच जर्मन सरकारलाही ठाऊक आहे. फरक इतकाच की तेव्हा महाराज देत होते, आता बापाला आधी भरून ठेवावी लागते. शिवाय नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. दिल्लीतलं कार्यालय आपल्या गुणपत्रिका खऱ्या आहेत का ते तपासून ते देतं. त्याला आठवडे लागतात, म्हणून त्याचा अर्ज विद्यापीठाच्या अर्जाच्या बराच आधी.

ब्रिटनची अट वेगळ्या तऱ्हेची आहे, आणि शेतकरी घराला ती नेमकी अडचणीत पकडते. फीची उरलेली रक्कम आणि नऊ महिन्यांचा खर्च सलग 28 दिवस खात्यात दिसला पाहिजे. त्या 28 दिवसांत एक दिवसही शिल्लक त्या आकड्याखाली जाता कामा नये, आणि 28 वा दिवस अर्जाच्या तारखेपासून 31 दिवसांच्या आत हवा. आता चित्र डोळ्यासमोर आणा. गहू विकला, आलू विकले, काकांनी दिले, एफडी मोडली. एप्रिलच्या शेवटी रक्कम खात्यात उभी राहिली. आणि दहाव्या दिवशी घरातलं लग्न. मांडववाल्याला, हलवायाला त्याच खात्यातून पैसे गेले, दुसऱ्या दिवशी आहेराचे परत भरले. घरच्यांच्या मते पैसे तेवढेच आहेत. व्हिसा तपासणाऱ्याच्या मते 28 दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून. म्हणून त्या रकमेसाठी वेगळं खातं उघडावं आणि त्याचं एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असू नये. खातं आईवडिलांचं असलं तरी चालतं. पण मग नातं दाखवायला जन्माचा दाखला लागतो. खेड्यात घरी जन्मलेल्या कित्येक मुलांचा दाखला काढलेलाच नसतो, दहावीच्या मार्कशीटवर सगळं भागलेलं असतं. तो नगर परिषदेतून किंवा पंचायतीतून आधीच काढावा. उशिराची नोंद व्हायला महिने जातात. खर्चाचे आणि फीचे हे आकडे सरकारं दर वर्ष-दीड वर्षाने बदलतात, तेव्हा अर्ज भरायच्या आठवड्यात त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहायचे.

आता कर्ज. माळव्यात ज्याच्याकडे वीस बिघे काळी जमीन आहे तो स्वतःला गरीब समजत नाही, आणि समजूही नये. इंदूरची हद्द सरकत येते आहे, जमिनीचे भाव कोटीत बोलले जातात. तो माणूस सातबारा नव्हे, इथला खसरा-बी-वन घेऊन बँकेत जातो आणि पोरीच्या शिक्षणासाठी तीस लाख मागतो. बँक म्हणते, शेतजमीन तारण चालणार नाही. त्याला वाटतं अपमान केला. कारण कायद्यात आहे. 2002 च्या सरफेसी कायद्याने बँकांना कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण विकायचा अधिकार दिला, पण त्याच कायद्याच्या 31 व्या कलमाने शेतजमीन त्यातून वगळली. शेतकऱ्याची जमीन अशी सहज विकली जाऊ नये म्हणून ही तरतूद आहे, आणि ती योग्यच आहे. तिचा परिणाम असा, की ज्या बापाकडे सगळ्यांत मोलाची वस्तू आहे त्याला शिक्षणकर्जासाठी ती उपयोगी पडत नाही. बँकेला हवं असतं कस्ब्यातलं रजिस्ट्री झालेलं घर, डायव्हर्जन झालेला, म्हणजे बिगरशेती प्लॉट, एफडी किंवा विमा पॉलिसी. घर आजोबांच्या नावावर असेल आणि नामांतरण झालेलं नसेल, तर ते काम वर्षभर आधी सुरू करायला हवं. मुलगी आयईएल्टीएसची तयारी करते त्याच महिन्यात बापाने तहसीलच्या खेपा घालायला सुरुवात करावी, हा माझा आग्रह आहे.

शिष्यवृत्त्यांची यादी मी देणार नाही. दोन-तीनच नावं घेतो. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये परदेशी शिक्षणासाठी एन्डोमेंट सुरू केली, ती आजही चालू आहे. ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे. तिच्या पहिल्या मानकऱ्यांत दोन स्त्रिया होत्या, त्यांतल्या एक डॉ. कृष्णाबाई केळवकर, कोल्हापूरच्या. ज्या काळात मुलीला शाळेत घालणं हेच धाडस होतं, त्या काळात पहिली मदत मुलींच्या शिक्षणाला गेली. देपालपुरात ज्या घरात मुलाला परदेशी आणि मुलीला इंदूरला असा हिशेब मांडला जातो, तिथे हे जरूर सांगावं.

दुसरी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप. दरवर्षी 125 जागा. बहुतांश अनुसूचित जातींसाठी, काही विमुक्त-भटक्यांसाठी, काही भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. वय पस्तिशीच्या आत, घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत. यात फी आणि निर्वाह दोन्ही मिळतात, परत फेडायचं नसतं. मध्य प्रदेश शासनाची स्वतःची विदेश अध्ययन योजनाही आहे, तिचीही चौकशी करावी. मात्र केंद्राच्या योजनेतली एक गोष्ट मला सतत टोचते. 2022 च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय वगळले गेले. कोलंबियात बाबासाहेबांचा एम.ए.चा प्रबंध प्राचीन भारतातल्या व्यापारावर होता आणि गाजलेला निबंध भारतातल्या जातींवर. ज्या वर्गातून ते आले त्याच वर्गाच्या मुलांसाठी असलेली ही योजना त्यांच्या त्या विषयांना पैसे देणार नाही. भारतावरचा अभ्यास भारतातच व्हावा असं त्यामागचं समर्थन आहे. मला ते पटत नाही. दूर उभं राहून आपल्या घराकडे पाहणं हा शिक्षणाचाच भाग आहे, आणि बडोद्याच्या कराराने ते साधलं होतं.

एजंटांबद्दल थोडक्यात. इंदूरमध्ये भंवरकुआंपासून विजयनगरपर्यंत ‘फ्री काउन्सेलिंग’च्या पाट्या आहेत. फुकट कसं परवडतं, हे विचारायला संकोच करू नका. बहुतेकांना विद्यापीठं विद्यार्थ्यामागे कमिशन देतात. त्यात बेकायदा काही नाही. पण कमिशन न देणारं चांगलं विद्यापीठ त्यांच्या यादीत दिसत नाही, आणि जर्मनीतली सरकारी विद्यापीठं सहसा त्यांतलीच. 2023 मध्ये कॅनडात अनेक भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रं खोटी निघाली; ते तिथे पोचून काही वर्षं शिकले-कमावले होते, तेव्हा हे उघड झालं. त्या वर्षीच्या डिसेंबरपासून कॅनडाने प्रत्येक पत्र संस्थेकडून थेट पडताळून घ्यायला सुरुवात केली. आपणही तेच करावं. अर्जाचं खातं स्वतःच्या ई-मेलवर उघडावं, पासवर्ड स्वतःकडे ठेवावा, आणि आलेलं पत्र खरं का, हे विद्यापीठालाच लिहून विचारावं.

अर्जासोबतचं निवेदन, ज्याला एसओपी म्हणतात, तेही स्वतःच लिहावं. ‘लहानपणापासून मला संगणकाची आवड’ असं तयार वाक्य वाचून प्रवेश समितीतली माणसं थकलेली असतात. बनेडियाच्या तलावाच्या लाभक्षेत्रात घरची शेती आहे, एका वर्षी सोयाबीनवर कीड आली तेव्हा घरात काय घडलं, आणि म्हणून मला कीटकशास्त्र शिकायचं आहे: हे त्या मुलीशिवाय कुणी लिहू शकत नाही. बाबासाहेबांनी 1921 मध्ये लंडनचा अभ्यास चालू असतानाच जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. त्यासाठीचा अर्ज त्यांनी जर्मन भाषेत, स्वतःच्या हाताने लिहिला. तिथे ते शिकू शकले नाहीत, काही महिन्यांनी नाव कमी झालं. तो अर्ज मात्र जपलेला आहे.

लंडनचं काम त्यांनी पुरं केलं. 1921 मध्ये एम.एससी., 1922 मध्ये बॅरिस्टर. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एससी.चा प्रबंध दिला. 1923 च्या मार्चमध्ये परीक्षकांनी तो बदलून मागितला. पैसे पुन्हा संपले होते. एप्रिलमध्ये ते मुंबईला आले, इथे बसून प्रबंध दुरुस्त केला आणि ऑगस्टमध्ये टपालाने लंडनला धाडला. नोव्हेंबरात तो मंजूर झाला. कोलंबियाची पीएच.डी. आणखी लांबली, कारण तिथल्या नियमाप्रमाणे प्रबंधाच्या छापील प्रती विद्यापीठाला द्याव्या लागत. पुस्तक 1925 मध्ये छापून निघालं, आणि 1913 मध्ये बडोद्यात सही करून निघालेल्या विद्यार्थ्याला ती पदवी 1927 च्या जूनमध्ये मिळाली.